पट वीसच्या आत, हक्क पूर्ण

श्रोतेहो, नमस्कार.

आज मला बोलायचं आहे वाडीवस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेबद्दल. दोन वर्गखोल्या, समोर ध्वजाचा कट्टा, बाजूला पोषण आहार शिजवायची खोली आणि हजेरीपटावर बारा, चौदा, फार तर अठरा नावं. २०२३ साली शिक्षण विभागाने दिलेल्या आकड्यांनुसार राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा होत्या. त्यांत १,८५,४६७ मुलं शिकत होती आणि २९,७०७ शिक्षक होते. त्या वर्षी सप्टेंबरात अशा शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव जिल्ह्यांकडून मागवले गेले. त्याआधी २०१७ च्या डिसेंबरात दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेहून जास्त शाळा बंद करण्याची यादी निघाली होती.

म्हणजे काही वर्षं गेली की हा विषय पुन्हा वर येतो. दर वेळी हिशेब एकाच बाजूने मांडला जातो : एका मुलामागे सरकारचा खर्च किती होतो? हा हिशेब गावानेही मांडायला हवा. तसा अधिकार शिक्षण हक्क कायद्यानेच गावाला दिला आहे, आणि आजचं माझं सगळं सांगणं त्या अधिकाराबद्दल आहे.

समूह शाळेच्या बाजूचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. पुणे जिल्ह्यात पानशेतला आणि नंदुरबारमध्ये तोरणमाळला असे प्रयोग झाले. पुरेसे शिक्षक, खेळायला मैदान, प्रयोगाचं साहित्य, बरोबरीची मुलं हे सगळं एका ठिकाणी मिळतं. चौथीच्या वर्गात एकटीच मुलगी असेल तर तिला गटात शिकायला, भांडायला, स्पर्धा करायला कुणी नसतं, हेही खरं आहे. पण तिथवर मूल पोचायचं कसं, याचं उत्तर आधी हवं आणि शाळेला कुलूप नंतर. बहुतेक वेळा क्रम उलटा होतो.

अंतराचंच घ्या. शिक्षण हक्क कायद्याखालचे आपल्या राज्याचे नियम सांगतात की पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत. तालुक्याच्या कार्यालयात नकाशावर पट्टी ठेवली की दीड किलोमीटर ही काही मोठी गोष्ट वाटत नाही. पण भोर-वेल्ह्याच्या डोंगरात, अकोले तालुक्याच्या आदिवासी पट्ट्यात, सिंधुदुर्गाच्या एखाद्या वाडीवर त्याच दीड किलोमीटरमध्ये एक ओढा असतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत त्याला पाणी असतं. साकव वाहून गेला की पुढच्या हंगामापर्यंत तो होत नाही. मोठा माणूस काठी टेकत पार होईल, पहिलीतलं सहा वर्षांचं पोर कसं होणार? आई-बाप भात लावणीला गेलेले असतात, सोडायला कुणी नसतं. मग ते पोर दोन महिने घरी राहतं आणि त्यानंतर त्याचं शाळेत मन लागत नाही. सहावी-सातवीतल्या मुलींचं तर विचारूच नका. रान तुडवून एकटी जायचं म्हटलं की घरचे थांबवतात, आणि ती थांबली की कायमची थांबते.

यावर वाहनाची सोय हे उत्तर दिलं जातं. समग्र शिक्षा योजनेत त्यासाठी एका मुलामागे वर्षाला सहा हजार रुपयांपर्यंत तरतूद धरता येते, म्हणजे महिन्याला पाचशे. कच्च्या रस्त्याने, घाटातून, रोज दोन फेऱ्या मारणाऱ्या जीपवाल्याला हा दर परवडतो का, हे गावातल्या कुणालाही विचारा. त्याचं बिल तीन महिने थकलं तर गाडी येत नाही, आणि गाडी आली नाही की शाळा बुडते. जुनी शाळा निदान पायाखाली होती.

आता पैशाचं बोलू. शाळेला दर वर्षी संयुक्त शाळा अनुदान मिळतं. ते पटावर ठरतं : तीस मुलांपर्यंत १० हजार रुपये, शंभरपर्यंत २५ हजार, अडीचशेपर्यंत ५० हजार. चौदा मुलांच्या शाळेला दहा हजार. त्यात वर्षभराचं वीज बिल, खडू, रजिस्टरं, माहिती भरायला लागणारं इंटरनेट, फळ्याला रंग, पंख्याची दुरुस्ती, नळाची तोटी. यातली किमान दहा टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करायची असते, म्हणजे फिनेल, झाडू, साबण. पैसे बऱ्याचदा वर्ष संपत आल्यावर हातात पडतात. तोवर शिक्षक पदरचे घालतात किंवा वीज तोडली जाते आणि लोकवर्गणीतून आणलेला टीव्ही कपाटात जातो. अहो, मुलं चौदा असोत की चाळीस, छप्पर तेवढंच गळतं आणि मीटरचा स्थिर आकार तेवढाच येतो. प्रत्येक शाळेला आधी एक किमान ठरावीक रक्कम आणि तिच्यावर पटाप्रमाणे वाढ, अशी रचना का करू नये? ही मागणी आमदारांपर्यंत आणि जिल्हा परिषदेपर्यंत गेली पाहिजे.

शिक्षकांचंही तसंच. कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीच्या साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक सांगितले आहेत. मंजूर पदांपैकी दहा टक्क्यांपेक्षा जास्त जागा रिक्त ठेवू नयेत, असंही कलम २६ म्हणतं. तरी २०२४ च्या सप्टेंबरात शासन निर्णय निघाला की छोट्या शाळांतल्या दोनपैकी एका जागेवर सेवानिवृत्त शिक्षक किंवा डी.एड., बी.एड. झालेला उमेदवार महिना १५ हजार मानधनावर कंत्राटी नेमावा. त्याच महिन्यात राज्यभरातले शिक्षक सामूहिक रजा टाकून रस्त्यावर उतरले, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तो निर्णय मागे घेतला गेला. कंत्राटी तरुण वाईट शिकवतो असं मी म्हणणार नाही, कित्येक जण जीव ओतून शिकवतात. पण दुर्गम वस्तीवर खोली भाड्याने घेऊन पंधरा हजारांत तो किती दिवस टिकणार होता? ज्या मुलांच्या घरात अभ्यास घ्यायला कुणी नाही, त्यांच्याच वाट्याला दर वर्षी नवा शिक्षक का यावा?

हा वाद नवा नाही. १८८२ साली इंग्रज सरकारने शिक्षणाच्या पाहणीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी निवेदन दिलं. सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या कष्टातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांसाठी होतो, हा त्यांचा मुद्दा होता. खेड्यातल्या शाळेला शिक्षक शक्यतो शेतकरी समाजातला असावा, त्याला महिना किमान बारा रुपये पगार असावा, इतक्या तपशिलात त्यांनी मागण्या लिहून दिल्या होत्या. मला त्यातली ही लिहून देण्याची गोष्ट फार मोलाची वाटते. पुढे १९१७ साली कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहूंनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं.

आज लिहून देण्याचं हे काम शाळा व्यवस्थापन समितीचं आहे. कायद्याप्रमाणे तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. पुष्कळ गावांत ही समिती सहीपुरती उरली आहे. सदस्य बायांना बैठकीचा निरोपच जात नाही, इतिवृत्ताची वही घरी येते आणि सही होते. हे बदलायला हवं, कारण कलम २२ नुसार ही समिती शाळा विकास आराखडा तयार करते आणि सरकारने किंवा जिल्हा परिषदेने द्यायच्या अनुदानाला तो आराखडाच आधार धरायचा असतो. कायद्याचे शब्द इतके स्पष्ट आहेत. आराखडा तीन वर्षांचा असतो : वर्गवार किती मुलं येतील, किती शिक्षक लागतील, कुठली बांधकामं हवीत, त्याला पैसे किती.

तेव्हा श्रोतेहो, डिसेंबर संपायच्या आत एक बैठक बोलवा. अंगणवाडीच्या रजिस्टरमधून पुढच्या तीन वर्षांत पहिलीत येणारी मुलं मोजा. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबांची मुलंही त्यात धरा, कारण ती गावाचीच आहेत. जवळची दुसरी शाळा पायवाटेने किती लांब आहे ते स्वतः चालून पाहा, वाटेतले ओढे आणि डांबरी रस्ते लिहा, पावसाळ्यात वाट किती दिवस बंद असते तेही लिहा. आराखड्याची एक प्रत ग्रामसभेत ठेवून ठराव घ्या. ग्रामपंचायतीकडे येणाऱ्या वित्त आयोगाच्या निधीतला बंधित भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच असतो. शाळेची पाण्याची टाकी आणि मुलींचं स्वच्छतागृह ग्रामपंचायत विकास आराखड्यात घालायला सांगा. दुसरी प्रत केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा आणि तारीख-शिक्क्यासह पोच घ्या. उद्या शाळा बंद करण्याच्या यादीत तुमच्या वाडीचं नाव आलं, तर सुनावणीला जाताना हा आराखडा, ग्रामसभेचा ठराव आणि ती पोच हे तिन्ही कागद हातात असू द्या.

नमस्कार.