आधी नाव विचारा

नमस्कार श्रोतेहो. कॅफेत बसून लॅपटॉप वाय-फायला कसा जोडायचा, हे आज सांगायचं आहे. सुरुवात मावशीपासूनच करतो.

गेल्या पावसाळ्यात बडोद्याच्या दांडिया बाजारात तिच्या घरचं नेट तीन दिवस बंद. मुलगा टोरंटोला. आपल्याकडे रविवारी सकाळचे साडेनऊ, तेव्हा तिकडे मध्यरात्र. तो आईशी व्हिडिओ कॉल करायला जागा राहतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिला मोबाईलवर त्याचा चेहरा नीट दिसत नाही. मग लॅपटॉप पिशवीत घातला, रिक्षा केली आणि अलकापुरीतल्या एका कॅफेत जाऊन बसलो.

यादी उघडली तर कॅफेच्या नावाची दोन नेटवर्क. एक नुसतं नाव, दुसऱ्यापुढे ‘फ्री’. मी ‘फ्री’वर क्लिक करणार, तोच मावशी म्हणाली, “थांब रे. दोन कशी? विचारून ये आधी.” काउंटरवरच्या मुलाने बिलाच्या तळाशी छापलेलं नाव दाखवलं. ‘फ्री’वालं त्यांचं नव्हतंच; कुणाचं, तेही त्याला ठाऊक नव्हतं. श्रोतेहो, वाय-फायला कुणीही काहीही नाव देऊ शकतो. शेजारच्या टेबलावरच्याने आपल्या हॉटस्पॉटला कॅफेचं नाव दिलं, तर यादीत ते तसंच दिसतं. तेव्हा आधी नाव विचारा. पुन्हा सांगतो, आधी नाव विचारा, मग क्लिक करा.

बरोबर नेटवर्क जोडलं, पण काहीच उघडेना. नऊ पस्तीस. मावशीची नजर घड्याळावर. मग लक्षात आलं, लॅपटॉपवर व्हीपीएन, म्हणजे आपलं सगळं नेट कुलूपबंद वाटेने नेणारं ॲप, चालू आहे. अशा ठिकाणी आधी कॅफेचं लॉगिनचं पान यावं लागतं, आणि व्हीपीएन ते येऊ देत नव्हतं. बंद केलं, ब्राउझरमध्ये ‘नेव्हर एसएसएल डॉट कॉम’ टाइप केलं, पान आलं. कुलूपवाल्या, म्हणजे ‘एचटीटीपीएस’ने सुरू होणाऱ्या साइटवर कॅफेला आपलं पान मध्ये घालता येत नाही, म्हणून अशी बिनकुलपाची साइट. मोबाईल नंबर दिला, ओटीपी आला, आणि पडद्यावर मुलगा दिसला. मावशीने खुर्ची पुढे ओढली, म्हणाली, “दाढी वाढवलीस का रे?”

ओटीपी मागतात म्हणून वैतागू नका. कोण वापरतंय याची नोंद ठेवायचा दूरसंचार खात्याचा नियम 2009 पासूनचा आहे. पण एक मनापासून वाटतं. सयाजीराव महाराजांनी 1910 साली याच बडोद्यात अमेरिकेहून ग्रंथपाल बोलावून वाचनालयांचं जाळं उभं करायला घेतलं, गावोगाव, फुकट. त्या गावात नेटसाठी आधी कॉफी का घ्यावी लागावी? प्रत्येक वाचनालयात वाय-फाय हवं, आणि बसायला खुर्ची हवी.

असो. विंडोजच्या सेटिंगमध्ये त्या नेटवर्कचा प्रकार ‘पब्लिक’ असू द्या. लॉगिन झालं की व्हीपीएन पुन्हा चालू करा. बँकेचं काम मोबाईलच्या डेटावर करा. आणि उठताना त्या नेटवर्कवर ‘फर्गेट’ दाबा, नाहीतर त्याच नावाचं दुसरं कुठलंही उघडं नेटवर्क दिसलं की लॅपटॉप आपणहून जोडला जाऊ शकतो.

सव्वादहाला कॉल संपला. मी ‘फर्गेट’ दाबलं. मावशीने ते बिल घडी करून पर्समध्ये ठेवलं, तळाशी नाव होतं म्हणून.