गाय उलटली, दोष वळूचा?

नमस्कार शेतकरी बंधू-भगिनींनो.

भातकापणी उरकली की गोठ्याकडे बघायला जरा सवड मिळते, आणि मग आम्हा पशुवैद्यांच्या कानावर एक तक्रार हमखास येते. "डॉक्टर, गाय परत उलटली. तुमची कांडीच खराब होती!" दापोली असो नाहीतर सावंतवाडी, शब्द तेच. गाय उलटली म्हणजे रेतन करूनही, म्हणजे गर्भाशयात वळूचं वीर्य सोडूनही, ती गाभण न राहता पुन्हा माजावर आली. आणि कांडी म्हणजे ते वीर्य गोठवून भरलेली बारीक नळी. कांडी खराब असू शकते, नाही म्हणणार नाही. पण ती कुठून कशी पारखून येते, ते आधी ऐका.

वळूचं वीर्य घेतलं की ते लगेच सूक्ष्मदर्शकाखाली जातं. काचपट्टी अंगाच्या उबेइतकी, म्हणजे ३७ अंशांवर ठेवतात, कारण गार काचेवर चांगलं वीर्यही मेल्यासारखं दिसतं. वीर्य दमदार असेल तर शुक्राणूंचे लोट भरतीच्या लाटांसारखे उसळताना दिसतात. पण नुसती हालचाल पाहून भागत नाही. सरळ पुढे किती पोहतात आणि जागीच किती गरगरतात, हे आता संगणक मोजतो. मग इओसिन नावाचा रंग घालतात. तो मेलेल्या शुक्राणूत शिरतो, जिवंताला लागत नाही. आणखी एक मजेदार चाचणी आहे. शुक्राणू अगदी पातळ द्रावणात सोडतात. ज्याचं आवरण शाबूत, तो पाणी शोषून फुगतो आणि त्याची शेपटी वेटोळं घालते. इथे वाकडी शेपटी दिसली की आम्ही खूश!

यातून उतरलेलं वीर्य पाव मिलिलिटरच्या कांडीत भरतात. एका कांडीत साधारण २ कोटी शुक्राणू, आणि साठवण द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर. गोठवल्यावर नमुन्याची कांडी वितळवून पुन्हा तपासतात. निम्मे तरी पुढे पोहताना दिसले नाहीत, तर ती खेप बाद.

मग एवढं सगळं झाल्यावर वळू किती गायी गाभण करील, हे सांगता येतं का? माझं मत विचाराल तर, वाईट वीर्य पकडण्यात प्रयोगशाळा पटाईत आहे, पण दोन चांगल्या वळूंत सरस कोण हे सांगताना तीही चाचपडते. काही दोष संख्येने झाकले जातात. पोहणारे थोडे कमी असले तरी २ कोटींतून पुरेसे पोचतात. पण शुक्राणूच्या डोक्यातला आनुवंशिक ऐवजच फाटलेला असेल, तर तो झकास पोहतो, बीजांडात शिरतो, आणि गर्भ पुढे टिकत नाही. तिथे कांडीत दुप्पट शुक्राणू भरूनही उपयोग नाही. हा दोष शोधायच्या वेगळ्या चाचण्या आहेत, पण त्या रोजच्या तपासणीत नसतात.

गावच्या मोकाट वळूची तर कसलीच तपासणी होत नाही. अंगाने भरलेला आहे, गायीवर चढतो, की झालं! पण चढणं वेगळं आणि फळवणं वेगळं. शुक्राणू तयार व्हायला सुमारे ६१ दिवस लागतात, वर पिकायला आठ-दहा दिवस. वृषण अंगापेक्षा चार-पाच अंश थंड असावे लागतात. वैशाखाच्या उकाड्यात वळूला सणकून ताप आला, तर बरा झाल्यावरही पुढचे दीड-दोन महिने त्याचं वीर्य कमअस्सल निघू शकतं. आषाढात गायी उलटतात, तोवर तो ताप कुणाच्या लक्षातही नसतो.

आता थोडा हिशेब. समजा एका वळूच्या शंभर रेतनांत ४० गायी गाभण राहतात. त्याच वळूच्या कांड्या तुमच्या तीन गायींना भरल्या आणि तिन्ही उलटल्या, असं पाचातल्या एका गोठ्यात निव्वळ योगायोगाने घडेल. तीन गायींवरून वळूला नावं ठेवू नका, आणि तिन्ही गाभण राहिल्या म्हणून मिरवूही नका. खरा अंदाज यायला शेकडो गायींच्या नोंदी लागतात.

म्हणून रेतन झालं की रिकामी कांडी मागून घ्या. तिच्यावर वळूचा क्रमांक, जात, वीर्य घेतल्याची तारीख छापलेली असते. गायीच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी नंबर, माज सकाळी दिसला की संध्याकाळी, आणि कांडी किती वाजता भरली, हेही वहीत लिहा. माज सकाळी दिसला तर रेतन संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. कांडी ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट वितळवली का, तेही समोर उभं राहून बघा. घाईत तळहातावर चोळलेली कांडी बघितली, तर खुशाल हटका. पाणी गरम करून द्यायला वहिनी ना म्हणणार नाहीत.