पपईचा चीक

नमस्कार मंडळी, आज पपईबद्दल बोलायचंय. दिवस गेले की पपई नाही खायची, अननस नाही खायचं, हे आपल्याकडे घराघरात सांगतात, पण का ते कोणी सांगत नाही.

आधी आमच्या घरचीच गोष्ट सांगते. आम्ही नाशिकला पंचवटीत राहतो. वहिनीला पाचवा महिना लागलेला, भाऊ गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, बुधवारच्या बाजारातून पपई घेऊन आला, मस्त पिवळीजर्द, बोट लावलं की दबणारी, आणि वहिनीने दुपारी दोन फोडी खाल्ल्या. (पपईवर ते चाट मसाला टाकतात ना, मला अजिबात पटत नाही, एवढी गोड चव मारून टाकायची कशाला, लिंबू पिळा फारतर.) तर संध्याकाळी आजीने सालं बघितली आणि सुरूच झाली, अगं काय केलंस हे, उष्ण असते पपई, काही झालं म्हणजे? वहिनी रडायलाच लागली, मग तिला खरंच पोटात ओढल्यासारखं वाटायला लागलं, भाऊ आपला मीच आणली, मीच आणली म्हणत गॅलरीत फेऱ्या मारतोय, रात्रभर घरात कोणाचा डोळ्याला डोळा नाही. सकाळी डॉक्टरबाईंकडे गेलो, त्यांनी तपासलं, बाळाचे ठोके ऐकवले आणि मग एकच विचारलं, "पपई कापली तेव्हा चीक निघाला का?" आम्ही एकमेकांकडे बघतोय, तर आजीच म्हणाली, "पिकलेल्या पपईला कुठला आलाय चीक?" बाई म्हणाल्या, "आजी, मग झालं तर!"

म्हणजे सगळा प्रश्न चिकाचा आहे बघा. कच्च्या पपईच्या पांढऱ्या चिकात पपेन असतं, प्रोटीन तोडणारं एन्झाइम, म्हणून तर मटण मऊ व्हायला आपण कच्ची पपई वाटून लावतो. 2002 साली सिंगापूरच्या संशोधकांचा एक अभ्यास आला, उंदरांच्या गर्भाशयावर केलेला. पिकलेल्या पपईच्या रसाने गर्भाशय आकुंचन पावलं नाही, पण कच्च्या पपईच्या चिकाने जोरात पिळवटलं, कळा आणणाऱ्या ऑक्सिटोसिनने होतं तसं. परत सांगते, पिकलेली नाही, कच्ची, चिकाची. फळ पिकत जातं तसा चीक कमी होत जातो, म्हणून अर्धीकच्ची पण नको.

अननसात ब्रोमेलेन असतं, जीभ चुरचुरते ना ते त्यानेच, पण ते जास्त खोडात आणि मधल्या दांड्यात, आणि खाल्लेलं बरंचसं पोटात पचून जातं. शिऱ्यात तर शिजूनच संपतं. ब्रोमेलेनच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

आणि आमच्यासारखी रात्र काढू नका हं, पोटात दुखलं, अंगावरून जरा जरी लाल गेलं, तर पपई खाल्लेली असो नसो, तेव्हाच डॉक्टरांकडे जा.