डिस्कची भाषा आणि राउटरचा दुभाषी

(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावच्या अभ्यासिकेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, मागच्या महिन्यात मला इथून फोन आला. "सर, एक टीबीची डिस्क आणली, राउटरच्या मागं लावली, लाइटही लागला, पण मोबाइलवर काहीच दिसून नाही राहिलं." मी विचारलं, फॉरमॅट कशात आहे? "नवीच आहे जी, खोक्यातून काढली तशी लावली." रोग त्या उत्तरातच होता.

डिस्क राउटरला लावायची आणि त्याच्या वायफायवरून सगळ्यांनी लेक्चर पाहायची, ही तुमची कल्पना मात्र चांगली आहे. तीस पोरं पोलीस भरतीचं तेच लेक्चर तीस वेळा उतरवतात, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांचा डेटा संपतो. त्यापेक्षा एकदा उतरवून डिस्कवर ठेवलं की नेट गेलं तरी चालतं. राउटर चालू असला की बस झालं, कारण फाइल गावाबाहेर जातच नाही.

आता फाइल सिस्टीम म्हणजे काय, ते सांगतो. डिस्क हे मोठं कपाट समजा. कोणती फाइल कोणत्या खणात आहे, हे जिथं लिहिलेलं असतं ती नोंदवही म्हणजे फाइल सिस्टीम. कपाट तेच, पण वही लिहायच्या पद्धती वेगवेगळ्या. फॅट-३२, एनटीएफएस, एक्सफॅट, ईएक्सटी-४ ही त्यांची नावं. यातल्या एका पद्धतीची कोरी वही डिस्कवर घालणं म्हणजे फॉरमॅट करणं.

इथं जवळजवळ सगळे एकच चूक करतात. आपण विचार करतो, माझ्या लॅपटॉपवर विंडोज आहे, मग डिस्क विंडोजला चालेल अशी हवी. पण डिस्क लॅपटॉपला लावलीच कुठं आहे? ती राउटरला लावली आहे. मेळघाटात एखाद्या कोरकू आजीशी बोलायचं असेल आणि मध्ये दुभाषी असेल, तर तुम्हाला कोरकू यायची गरज नसते. दुभाष्याला यायला हवी. तुम्ही त्याच्याशी मराठीत बोलता. तसंच इथं मोबाइल आणि लॅपटॉप राउटरशी एसएमबी नावाच्या भाषेत बोलतात. डिस्कवरची वही वाचतो तो एकटा राउटर. म्हणून फॉरमॅट करण्याआधी प्रश्न राउटरला विचारायचा, लॅपटॉपला नाही. त्याच्या माहितीपुस्तिकेत किंवा कंपनीच्या साइटवर कोणकोणत्या पद्धती चालतात ते लिहिलेलं असतं. ते न वाचता डिस्क विकत आणणं म्हणजे बैल न पाहता जू करून घेणं.

तुमची डिस्क एक्सफॅटमध्ये होती. ही पद्धत मायक्रोसॉफ्टनं २००६ मध्ये आणली, पण तिचा तपशील सर्वांसाठी खुला केला २०१९ मध्ये. बहुतेक राउटर आतून लिनक्सवर, म्हणजे विंडोजसारख्याच दुसऱ्या एका प्रणालीवर, चालतात, आणि लिनक्समध्ये एक्सफॅट त्यानंतरच अधिकृतपणे आलं. तुमच्या राउटरमधलं लिनक्स त्याआधीचं आहे. त्याला ही भाषा शिकवलेलीच नाही, म्हणून लाइट लागतो आणि पुढं सगळं गप्प.

मग कोणी म्हणेल, सगळ्यांना येतं ते फॅट-३२ करा. मीही माझ्या पहिल्या डिस्कवर तेच केलं. विंडोज ३२ जीबीच्या वरच्या डिस्कला साध्या खिडकीतून फॅट-३२ देत नव्हतं, म्हणून वेगळं सॉफ्टवेअर शोधलं, अर्धी रात्र घातली. डिस्क दिसली, मी खूश! दुसऱ्या दिवशी सहा जीबीचा व्हिडिओ टाकला, तर मध्येच अडला. फॅट-३२ मध्ये एका फाइलचा आकार लिहायला ३२ बिटांचीच जागा आहे, म्हणून एक फाइल ४,२९,४९,६७,२९५ बाइटच्या पुढं जाऊ शकत नाही. म्हणजे चार जीबी. डिस्क रिकामी असली तरी फाइल मावत नाही.

पण आपल्याकडे त्याहून मोठी अडचण आहे. ती म्हणजे विजेची लाइन.

फाइल लिहिली जात असताना लाइन गेली, की वही अर्धवट राहते. आपल्या अडत्याचं काम पाहा. कापूस उतरला की तो आधी कच्च्या वहीत खरडतो आणि मग निवांतपणे पक्क्या वहीत चढवतो. मध्येच कोणी हाक मारली, उठून जावं लागलं, तरी कच्ची वही पाहून हिशेब जुळतो. ईएक्सटी-४ आणि एनटीएफएस दोन्ही अशी कच्ची नोंद आधी करतात. तिला जर्नल म्हणतात. लाइन परत आली की ती वाचून पक्की वही सावरून घेता येते. जी फाइल अर्धी लिहिली होती ती जाऊ शकते, पण बाकीचं कपाट उलथं होत नाही. फॅट-३२ आणि एक्सफॅट या दोघांकडे कच्ची वही नाही. पुण्या-मुंबईचा माणूस एक्सफॅट सुचवतो तेव्हा त्याच्या घरी दिवसातून चार वेळा लाइन जात नाही, हे लक्षात ठेवा.

म्हणून माझं मत असं. डिस्क राउटरलाच कायम राहणार असेल आणि राउटर ईएक्सटी-४ घेत असेल, तर तेच करा. ती लिनक्सची घरची भाषा आहे, त्यामुळे राउटरच्या दुबळ्या प्रोसेसरवर ओझंही कमी पडतं. काही राउटरच्या सेटिंगच्या पानावरच फॉरमॅटचं बटण असतं. एक धोका मात्र आहे. ही डिस्क कोणी विंडोजला लावली तर बहुतेक वेळा खिडकी उघडते, "ही डिस्क फॉरमॅट करायची का?" घाईत कोणी हो म्हटलं, की दोन वर्षांचा माल गेला. डिस्कवर पट्टी चिकटवून "विंडोजला लावू नये" असं लिहून ठेवा. हसू नका, मी स्वतः लिहिलं आहे.

डिस्क अधूनमधून लॅपटॉपला लावून भरायची असेल, तर एनटीएफएस. स्वस्त राउटरवर ती जरा हळू चालते. विंडोजमधून नीट बाहेर न काढता ओढली, तर काही राउटर फक्त वाचू देतात, लिहू देत नाहीत.

फाइल सिस्टीमला उगाच बदनाम करू नका, असं सांगण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. यूएसबी २.० चं भोक नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअरच देतं, ३.० चं ९००. डिस्क किट-किट आवाज करून बंद होत असेल तर ती उपाशी आहे. वेगळा वीजपुरवठा असलेला यूएसबी हब, म्हणजे एका भोकाची अनेक भोकं करणारी डबी, मध्ये लावा. आणि मोबाइलवर दिसतं पण विंडोज १० च्या लॅपटॉपवर दिसत नाही, असं असेल तर राउटर बहुधा जुनी एसएमबी-१ भाषा बोलतो. २०१७ पासून विंडोजनं ती मुद्दाम सोडली आहे, कारण ती सुरक्षित नाही; तिच्यातल्या पळवाटेतूनच वॉनाक्राय नावाचा, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला. तिथं दहा वेळा फॉरमॅट करून काही होत नाही. राउटरचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, नवं मिळतं का ते पाहायचं.

मघाशी मागून एका ताईंनी विचारलं, "हेच टीव्हीले लावायचं असन तर?" टीव्हीला सहसा ईएक्सटी-४ कळत नाही. त्यासाठी वेगळा पेनड्राइव्ह ठेवा, डिस्क हलवू नका.

आणि डिस्क रिकामी आहे तोवरच परीक्षा घ्या. पाच जीबीची एक फाइल टाका. ती नीट चालली की दुसरी टाकायला घ्या आणि ती जात असतानाच राउटरची पिन काढा. परत लावून पहिली फाइल उघडते का पाहा. आता लाइन आहे, तर तुमच्याच डिस्कवर करून बघू. कोणीतरी राउटरचं पान उघडा, आणि पासवर्ड कोणाला माहीत आहे?