टरेट फिरवा आणि मोजा: लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी मध्यम किमतीचा स्कोप

नमस्कार. रायफलीवरचा स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, घ्यायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती पटीचा आहे? विकणाऱ्यालाही हाच प्रश्न आवडतो, कारण त्याचं उत्तर खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. मला आज तुमच्या तोंडी दुसरा प्रश्न घालायचा आहे. टरेट, म्हणजे नेम सरकवणारी स्कोपवरची फिरकी, दहा मिल (हे कोनाचं माप) फिरवला तर नेम खरोखरच दहा मिल सरकतो का, आणि उलटा फिरवला तर होता तिथे परत येतो का? हे खोक्यावर कुठेच लिहिलेलं नसतं. मधल्या किमतीत चांगला स्कोप आणि वाईट स्कोप यांच्यातला फरक मात्र बहुतेक वेळा इथेच पडतो.

मधली किंमत म्हणजे किती, तो आकडा मी सांगणार नाही. तो दर हंगामाला बदलतो. एका टोकाला नवशिक्याचे स्कोप आहेत. दुसऱ्या टोकाला श्मिट अँड बेंडर, टँजेंट थीटा अशी नावं आहेत, जिथे स्कोप अनेकदा रायफलीपेक्षा महाग पडतो. या दोन टोकांच्या मध्ये व्होर्टेक्सची वायपर पीएसटी, साइट्रॉनची एस-थ्री, अ‍ॅथलॉनची एरेस अशा मालिका येतात. इथे बनवणाऱ्याला कुठेतरी हात आखडावाच लागतो. काच, आतली यंत्रणा आणि सोयी या तिन्ही गोष्टी पहिल्या दर्जाच्या दिल्या तर ती किंमत राहत नाही. म्हणून सारख्याच किमतीच्या दोन स्कोपांपैकी एकाची वैशिष्ट्यांची यादी दुप्पट लांब असेल तर मी आधी विचारतो, मग बचत कुठे केली?

टरेट फिरवल्यावर आत काय होतं ते बघू. बाहेरच्या नळीच्या आत एक छोटी नळी असते, तिला इरेक्टर म्हणतात. उलटी प्रतिमा सुलटी करणारी भिंगं तिच्यात बसवलेली असतात. टरेटचा स्क्रू तिला एका बाजूने ढकलतो आणि समोरची स्प्रिंग तिला त्या स्क्रूवर दाबून धरते. बस, एवढंच. स्क्रूचे आटे नेमके कापलेले हवेत आणि स्प्रिंगचा दाब सगळ्या प्रवासात पुरेसा राहायला हवा. आटे ढोबळ असतील तर प्रत्येक क्लिक, म्हणजे टरेटची एकेक पायरी, थोडं कमी किंवा जास्त भरतं. स्प्रिंग दुबळी असेल तर नेम दोन-तीन गोळ्यांनंतर, धक्का बसल्यावर आपल्या जागी येतो. हाताला क्लिक कसं कडक लागतं याचा या सगळ्याशी फारसा संबंध नाही. खणखणीत क्लिक देणारे पण चुकीचं मोजणारे स्कोप असतात, आणि गुळगुळीत टरेटचे बिनचूक स्कोपही असतात.

आता थोडं गणित. एक मिल म्हणजे मिलिरेडियन, 100 मीटरवर 10 सेंटिमीटर. एक एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग, 100 मीटरवर सुमारे 2.9 सेंटिमीटर. .308 विंचेस्टर या काडतुसाची 175 ग्रेन वजनाची गोळी 100 यार्डांवर झिरो करून, म्हणजे नेम तिथे जुळवून, 1000 यार्डांवर मारायची तर साधारण 11 मिल, म्हणजे 38 एमओए वर जावं लागतं. स्कोप दोन टक्के कमी मोजत असेल तर चूक झाली 0.22 मिल. 1000 यार्ड म्हणजे 914 मीटर. तिथे ही चूक 20 सेंटिमीटर भरते. अमेरिकेच्या नॅशनल रायफल असोसिएशनच्या, म्हणजे एनआरएच्या, एफ-क्लास (रायफल आधारावर ठेवून, झोपून खेळायचे लांब पल्ल्याचे सामने) निशाण्यावर या अंतराला दहाचं वर्तुळ 10 इंच व्यासाचं, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत जेमतेम 13 सेंटिमीटर. वारा ओळखला, श्वास सांभाळला, ट्रिगर अलगद सुटला, तरी गोळी दहाच्या बाहेर.

तरीही दोन टक्क्यांची चूक कायम दोन टक्केच राहत असेल तर मी तो स्कोप फेकून देणार नाही. रोज पाच मिनिटं पुढे असणाऱ्या घड्याळावर गाडी पकडता येते. कधी पुढे, कधी मागे जाणाऱ्यावर नाही. गोळीचा मार्ग काढणाऱ्या बॅलिस्टिक अ‍ॅपमध्ये हा गुणक एकदा भरला की काम झालं. आज दोन टक्के, उद्या चार आणि परतताना दोन क्लिक अलीकडे, असं करणाऱ्या स्कोपला मात्र औषध नाही.

टरेटचा एकूण प्रवास किती, हा पुढचा प्रश्न. समजा स्कोपचा उभा प्रवास 70 एमओए लिहिला आहे. झिरो साधारण मध्यावर बसला तर वर जायला उरले 35. आपल्याला हवेत 38. म्हणजे कागदावर भरपूर वाटणारा स्कोप 1000 यार्डांवर अपुरा पडला. उपाय साधा आहे: 20 एमओए उताराची रेल, म्हणजे रायफलीवर स्कोप बसवायची पट्टी. ती स्कोपला पुढच्या बाजूला किंचित झुकवते, आणि वर 55 उरतात. हौसेने 40 एमओएची रेल लावाल तर याच स्कोपवर 100 यार्डांचा झिरोच मिळणार नाही. आणखी एक गोष्ट कॅटलॉगमध्ये येत नाही. आतली नळी गोल पोकळीत हलते. ती वर-खाली अगदी टोकाला गेली की डाव्या-उजव्या बाजूला जागाच उरत नाही, म्हणजे वाऱ्याची दुरुस्ती अडते. प्रतिमाही कडेला बिघडू लागते. तेव्हा लागणाऱ्या प्रवासापेक्षा चांगला मोकळा वाव ठेवून घ्या.

34 मिलिमीटरच्या नळीतून जास्त उजेड येतो, असं अजूनही ऐकू येतं. येत नाही. जाड नळीत इरेक्टरला हलायला जागा मिळते, तिचा उपयोग तेवढाच. आणि तोही बनवणाऱ्याने ती जागा वापरली असेल तरच.

आता पटींकडे येतो. पंचवीस पट पुरते का? बहुतेक वेळा पुरते आणि उरते. ऊन चढलं की जमिनीवरची गरम हवा निशाण्याला पाण्याखाली ठेवल्यासारखं हलवते, त्याला आपण मिराज म्हणतो. पट वाढवली की निशाण्याबरोबर मिराजही मोठा होतो. चाळीस पटीचा स्कोप घेतलेले नेमबाज दुपारी तो वीसवर आणून बसलेले मी नेहमी बघतो. शिवाय डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या वर्तुळाचा व्यास म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पट. 50 मिलिमीटर भागिले 25, म्हणजे 2 मिलिमीटर. भर उन्हात आपली बाहुली साधारण तेवढीच आकसलेली असते, तेव्हा चालतं. 56 मिलिमीटरचं भिंग आणि 40 पट केली की हे वर्तुळ 1.4 वर येतं. चित्र अंधारतं, डोकं केसभर हललं तरी कडेला काळी सावली येते. वरच्या टोकाच्या पटी विकण्यासाठी असतात, असं मी जरा धाडसाने म्हणतो.

काचेबद्दल थोडक्यात. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो. असे दहा पृष्ठभाग असले की एक तृतीयांश प्रकाश वाटेतच गेला. 1935 मध्ये झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी परावर्तन रोखणाऱ्या लेपाचं पेटंट घेतलं. आज मधल्या किमतीत सगळ्या पृष्ठभागांवर अनेक थरांचे लेप मिळतात, म्हणून उजेडाची फार चिंता नको. पांढऱ्या कागदावरच्या काळ्या वर्तुळाच्या कडेला जांभळी-हिरवी किनार दिसते का, तेवढं बघा. थोडी दिसली तरी गुण जात नाहीत.

रेटिकल, म्हणजे स्कोपमध्ये दिसणाऱ्या नेमाच्या रेघा, पहिल्या फोकल प्लेनमध्ये (स्कोपच्या आत प्रतिमा जिथे तयार होते ते प्रतल) हवं की दुसऱ्या, यावर लोक तावातावाने भांडतात. तुम्ही काय खेळता ते सांगा, उत्तर आपोआप मिळेल. पहिल्या प्लेनमध्ये पट बदलली की रेटिकलही निशाण्याबरोबर लहान-मोठं होतं, त्यामुळे त्यावरच्या खुणा प्रत्येक पटीला खऱ्या राहतात. दुसऱ्या प्लेनमध्ये रेटिकल तेवढंच राहतं, आणि खुणा एका ठरावीक पटीलाच खऱ्या. अमेरिकेत 2012 मध्ये सुरू झालेल्या प्रिसिजन रायफल सिरीजच्या धर्तीवर सामने खेळणार असाल, जिथे दीड-दोन मिनिटांत चार वेगवेगळ्या अंतरांवर मारायचं असतं, तर पहिलं प्लेन, मिल आणि 0.1 मिलचं क्लिक. तिथे टरेटचं माप निरपेक्ष खरं हवं, कारण चाचणीची गोळी कुणी देत नाही.

एफ-क्लासची गोष्ट वेगळी. तिथे अंतर ठरलेलं असतं, सुरुवातीला साइटर, म्हणजे गुण न धरल्या जाणाऱ्या चाचणीच्या, गोळ्या मिळतात, त्यामुळे दोन टक्क्यांची चूक पहिल्या दोन साइटरमध्येच पुसली जाते. तिथे झिरो जागचा हलता कामा नये, आणि वाऱ्यासाठी केलेली बारीक दुरुस्ती प्रत्येक वेळी तेवढीच भरली पाहिजे. 1000 यार्डांवर 0.1 मिलचं एक क्लिक 9 सेंटिमीटर सरकवतं, पाव एमओएचं साडेसहा, आणि अष्टमांश एमओएचं सव्वातीन. मधलं एक्स वर्तुळ आहे 5 इंचांचं. अष्टमांश क्लिक लोक का घेतात, हे आता सांगायला नको. रेटिकल बारीक ठिपक्याचं, दुसऱ्या प्लेनमधलं घ्या. पहिल्या प्लेनमधली जाड रेघ पूर्ण पटीला मधलं वर्तुळ झाकून टाकू शकते. वजनही विसरू नका. एफ-क्लासच्या एफ-टीआर गटात बायपॉड (दोन पायांचा आधार) आणि स्कोपसह रायफल 8.25 किलोच्या आत हवी, एफ-ओपनमध्ये 10 किलोच्या. या वर्गातले स्कोप 700 ग्रॅमपासून किलोच्या वरपर्यंत जातात. एफ-टीआरमध्ये तो फरक बॅरलच्या वजनातून वजा होतो.

पॅरॅलॅक्सकडे नेमबाज दुर्लक्ष करतात आणि मग वाऱ्याला शिव्या देतात. निशाण्याची प्रतिमा आणि रेटिकल एकाच प्रतलात नसतील तर डोळा हलला की रेटिकल निशाण्यावर सरकतं. 50 मिलिमीटरचा स्कोप 100 मीटरवर लावलेला आणि निशाणा 900 मीटरवर, तर डोळा अगदी कडेला असताना ही चूक 20 सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकते. म्हणून बाजूचं पॅरॅलॅक्सचं चाक हवंच. त्यावरच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका. आधी आयपीस, म्हणजे डोळ्याकडचं भिंग, फिरवून रेटिकल कोऱ्या आकाशावर स्वच्छ करा. मग निशाण्याकडे बघत मान हळूच वर-खाली करा आणि रेटिकल तरंगायचं थांबेपर्यंत चाक फिरवा. स्वस्त स्कोपमध्ये या चाकाला इतका ढिलेपणा असतो की उजवीकडून आणि डावीकडून वेगवेगळी जागा मिळते. हे दुकानातसुद्धा तपासता येतं.

आता घरी आणलेल्या स्कोपची परीक्षा. चौकोन काढण्याची परीक्षा लोकप्रिय आहे: वर, उजवीकडे, खाली, डावीकडे, आणि शेवटची गोळी पहिल्या भोकात. तिच्यातून स्कोप परत येतो एवढं कळतं. प्रत्येक बाजू पाच टक्के लहान असली तरी चौकोन छान मिटतो! म्हणून उंच कागदाची परीक्षा करा. रायफल रिकामी करा, बोल्ट काढून ठेवा, ती पक्क्या आधारात आवळा. टेपने मोजून बरोबर 100 मीटरवर उंच कागद लावा, ओळंब्याने उभी रेघ मारा आणि तिच्यावर सेंटिमीटरच्या खुणा करा. टेपनेच मोजा, कारण रेंजवरचे 100 अनेकदा यार्ड असतात, आणि तेवढ्याने साडेआठ टक्क्यांचा घोळ होतो. दहा मिल फिरवा. नेम 100 सेंटिमीटर सरकला पाहिजे, आणि सरकताना रेघेवरच राहिला पाहिजे. रेघ सोडून बाजूला गेला तर रेटिकल टरेटच्या प्रवासाशी वाकडं आहे किंवा स्कोप तिरका बसलाय. एक अंशाचा तिरकेपणा 11 मिलच्या दुरुस्तीवर 1000 यार्डांना 17 सेंटिमीटर आडवी चूक देतो. रायफलीवर छोटी बुडबुड्याची पातळी लावा, ती फार स्वस्त असते.

श्रोत्यांतून प्रश्न आला: रिंग्जवर, म्हणजे स्कोप रायफलीवर धरणाऱ्या कड्यांवर, किती खर्च करावा? स्कोपच्या बरोबरीने विचार करून. रिंगच्या स्क्रूला बहुधा दोन न्यूटन-मीटरच्या आसपास ताण सांगितलेला असतो. बनवणाऱ्याचा आकडा वाचा आणि टॉर्क पाना वापरा. अंदाजाने करकचून आवळलं की नळी दबते, पॅरॅलॅक्सचं चाक जड होतं, आणि दोष स्कोपच्या नावावर जातो.

दुसरा प्रश्न, रेटिकलला दिवा हवा का. उजेडात, कागदावर, नको.

शेवटचा प्रश्न जुन्या स्कोपबद्दल. जुना घ्यायला हरकत नाही, विशेषतः हमी दुसऱ्या मालकाला लागू होत असेल तर. व्होर्टेक्ससारखे काही उत्पादक ती तशी देतात. रिंगांच्या खुणा बघा, त्या ठिकाणी नळी चेपलेली नको. टरेट खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत मोजून फिरवा आणि लिहिलेला प्रवास भरतो का ते बघा. शेवटच्या काही मिलमध्ये क्लिक फिरतात पण रेटिकल जागचं हलत नाही, असं दिसलं तर स्प्रिंग थकली आहे. तो स्कोप तिथेच ठेवून या.