कोनाडे गेले, भिंती उरल्या

नमस्कार, श्रोतेहो.

सांगलीच्या गावभागात जुना वाडा उतरवायला काढला की दारात लाकडाचा ढीग पडतो. तुळया, खांब, चौकटी लगेच विकल्या जातात. त्यांची गिऱ्हाइकं ठरलेली असतात. मागं राहतं ते किरकोळ सामान. जेवायचे पाट, फडताळाची दारं, टेबलाचे खण, झोपाळ्याची फळी. ते एकतर बंबात जातं, नाहीतर भंगारवाल्याकडं. याच किरकोळ सामानातून भिंतीवरची देखणी मांडणी होते, आणि त्यासाठी सुतारकी शिकायला लागत नाही, हे सांगायला मी आज आलेय.

वाड्याच्या भिंती हात-दीड हात जाड असायच्या. कोनाडे, दिवळ्या, फडताळं त्यांच्या पोटातच बसायची. आताच्या फ्लॅटमधली मधली भिंत साडेचार इंच विटेची, गिलाव्यासकट जेमतेम साडेपाच. तिच्यात कोरायचं काय? त्यामुळं पूर्वी जे भिंतीच्या आत होतं, ते आता भिंतीवर टांगायचं.

सगळ्यात सोपा म्हणजे पाट. घरातला जुना सागवानी पाट उलटा करून बघा. खाली पुढून मागं गेलेल्या दोन पट्ट्या दिसतील. पाटाची फळी पाऊण-एक इंचाची, पण पट्टीच्या जागी जाडी दुप्पट होते. ब्रॅकेटचे स्क्रू बरोबर या पट्टीत बसवायचे. लाकडात पकड चांगली मिळते आणि स्क्रूचं टोक वर येत नाही. पट्ट्या दोन्ही कडांपासून थोड्या आत असतात, आणि ब्रॅकेटही नेमके तिथंच हवे असतात. फळी मध्ये वाकत नाही. आधी बारीक बिटानं भोक पाडून घ्या, कारण वाळलेलं जुनं सागवान सरळ स्क्रू पिळला की फाटतं. पाटावर पितळी फुलं जडवलेली असतील तर तो नजरेपेक्षा खाली लावा, म्हणजे फुलं दिसतात. चिंचेनं घासून पुसली की ती लखलखतात.

टेबलाचा किंवा शिवणयंत्राचा खण उभा टांगला की छोटा कोनाडाच तयार होतो. पण एक सांभाळा. खणाचा तळ पातळ प्लायचा असतो, तो खाचेत नुसता सरकवलेला असतो. त्यातूनच स्क्रू मारला तर वजनानं तळ भिंतीला राहतो आणि खण खाली येतो. म्हणून आत, वरच्या बाजूला, तळाला टेकवून एक जाड पट्टी दोन्ही कडांना पक्की करा आणि स्क्रू त्या पट्टीतून भिंतीत जाऊ द्या.

कोरीव काम असलेलं दार मात्र कापू नका. ते अख्खं जपावं, नाहीतर जपणाऱ्याला द्यावं. आणि सागवानाला ऑईलपेंट फासू नये, हेही माझं स्पष्ट मत आहे.

आता लाकडाची पारख. ऑगस्ट २०१९च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ५७ फूट ओलांडले, तेव्हा आपण सगळ्यांनी पाहिलं. भुशाच्या बोर्डाची कपाटं फुगून फुटली, प्लायचे पदर सुटले, आणि जुनं सागवान चिखल धुऊन सावलीत वाळवलं की बहुतेक परत कामाला आलं. सावलीतच, कारण भर उन्हात वाळवलं तर चांगलं लाकूडही तडकतं. फळीला टाचणीएवढी भोकं असतील आणि खाली बारीक पीठ पडत असेल, तर कीड अजून आत आहे. असली फळी घरात आणूच नये. तासगावकडं शीतगृहांशेजारी पॅलेट, म्हणजे माल रचायच्या लाकडी चौकटी, पडलेली असतात. ती घेणार असाल तर शिक्का बघा. ‘एचटी’ म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेली, ती चालतात. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली, ती नकोत.

खरी कसोटी भिंतीची आहे. फूटभर लांबीत दाटीनं पुस्तकं लावली की आठ-दहा किलो सहज भरतात. ड्रिल करताना पडणारी पूड बघत राहा. तांबडी पडली तर वीट, काम सोपं. पांढुरकी, भुसभुशीत पडली तर हलका ब्लॉक. त्यात साधी गिट्टी, म्हणजे स्क्रू धरायला भोकात ठोकतात ती प्लास्टिकची नळी, जागच्या जागी फिरते, ब्लॉकसाठीची वेगळी गिट्टी मागून घ्या. करडी पडली आणि बिट पुढं जाईना, तर काँक्रीटचा कॉलम. ६ मिलिमीटरची गिट्टी असेल तर बिटही ६चंच. स्क्रू दोन इंची घ्या, कारण सुरुवातीचा अर्धा इंच नुसता गिलावा असतो आणि गिलाव्याच्या जोरावर काहीच टांगायचं नसतं. मातीच्या जुन्या भिंतीत तर स्क्रू धरतच नाही. तिथं मांडणी तुळईला साखळ्यांनी टांगावी. झोपाळ्याच्या कड्या पडून असतील तर त्याच वापरा. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नका, वायरी तिथूनच जातात. दोन्ही ब्रॅकेटांच्या खुणा पाणसळ, म्हणजे लेव्हल, धरूनच करा. नुसत्या नजरेनं जमत नाही, फरशीच वाकडी असते.

जुना रंग खरवडताना जपून. घरगुती रंगातल्या शिशावर आपल्याकडं कडक मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून आली, त्याआधीच्या रंगांत ते भरपूर असू शकतं. पॉलिश पेपर ओला करून घासा, तोंडाला मास्क लावा, लहान मुलांना आणि गरोदर बाईला तिथं थांबू देऊ नका.

शेवटी जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या, जादाचं तेल पुसून काढा. ज्या चिंधीनं पुसलं तिचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना गरम होतं आणि गोळा केलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. ती पाण्यात भिजवा, किंवा अंगणात दगडाखाली मोकळी पसरून वाळू द्या. आणि फळीवरून हात फिरवल्यावर बोटाला तेल लागायचं थांबलं, की मगच पुस्तकं ठेवा. घाई केली तर पुठ्ठ्यांवर डाग पडतात आणि ते जात नाहीत.

नमस्कार.