दात काढण्याआधी विचारायचा प्रश्न

(बेळगावातल्या एका वाचनालयात ज्येष्ठ नागरिकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेत 'इम्प्लांट', म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर लावलेला दात, हा शब्द ठळक छापलाय, त्यामुळे निम्मे लोक किंमत ऐकायला आलेत हे मला ठाऊक आहे. तिकडे येऊच. आधी माझी एक तक्रार ऐकून घ्या. पेशंट आमच्याकडे दात बसवायला येतो तेव्हा दात काढून दोन-चार वर्षं उलटलेली असतात. "तेव्हा ठणकत होता म्हणून काढून टाकला, आता बसवून द्या की हो डॉक्टर!" पण मधल्या काळात ती जागा जशीच्या तशी राहिलेली नसते. म्हणून आज एकच गोष्ट लक्षात ठेवून घरी जायची असेल तर ही: दात काढायचं ठरलं, की खुर्चीवरून उठायच्या आधी विचारा, "इथं पुढे काय बसणार, आणि कधी?"

एवढी घाई कशाला, असं वाटेल. कारण आहे हाड. आपण चावतो तेव्हा मुळामार्फत हाडावर दाब येतो आणि त्या दाबामुळे ते हाड शाबूत राहतं. बैल विकल्यावर गोठा कोण शाकारतो? शरीराचंही तसंच. दात काढल्यावर पहिल्या वर्षात तिथल्या हाडाची रुंदी जवळजवळ निम्म्यापर्यंत घटू शकते, आणि त्यातली बरीचशी घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. गालाच्या बाजूची हाडाची भिंत मुळात पातळ, ती आधी जाते. शेजारचे दात मोकळ्या जागेकडे कलतात. वरची दाढ, खाली टक्कर द्यायला कुणी नाही म्हटल्यावर, हळूहळू खाली उतरते. मग एका दाताचं काम तीन दातांचं होऊन बसतं.

आता उलटं बोलतो. गेलेला प्रत्येक दात बसवलाच पाहिजे असंही नाही. अक्कलदाढ काढली तर तिच्या जागी काहीच बसवत नाहीत. अगदी शेवटची दाढ गेली आणि बाकीचे दात धड असतील, तर पुष्कळ जणांचं काही अडत नाही. नेदरलँड्समधल्या दंतवैद्यांनी १९८० च्या दशकात हे नीट मांडलं: समोरासमोर जुळणारे वीसेक दात असतील तर खाणं-बोलणं बऱ्यापैकी निभतं. जपानने १९८९ मध्ये मोहीमच काढली, ऐंशीव्या वर्षी वीस दात तोंडात हवेत अशी. तेव्हा कुणी "सगळेच भरून काढा" म्हणून मागे लागलं तर "का?" असं विचारायला लाजू नका.

सगळ्यात जुनी सोय म्हणजे कवळी. तिला आजकाल उगाच नावं ठेवतात. एकही दात नाही, हाडही पार झिजलंय, खिशात पैसे नाहीत, अशा माणसाला चांगल्या मापाची कवळी मोठा आधार असते. वरची कवळी टाळूला लाळेच्या पातळ थराने चिकटून बसते. खालच्या कवळीला टाळू नाही, ती नालासारखी, शिवाय जीभ तिला सारखी ढकलत असते. म्हणून दहापैकी नऊ तक्रारी खालच्या कवळीच्याच. चावण्याचा जोर नैसर्गिक दातांच्या पाव-पंचमांश एवढाच राहतो. भाकरी आमटीत कुस्करून खाता येते, शेंगदाण्याची चटणी चालते, कुंद्याला तर दातच लागत नाहीत. पण गोकाकचं सुकामेव्याचं चिवट करदंट समोर आलं की कवळीवाल्याने नातवंडांकडे बघून समाधान मानावं.

रात्री कवळी काढून साध्या पाण्यात ठेवायची. गरम पाण्यात वाकडी होते. टूथपेस्टने तिच्यावर चरे पडतात, ब्रश आणि साबण पुरे. हाड झिजत जातं तशी ती सैल होते, मग कवळी चिकटवायची नवी पावडर आणत बसण्यापेक्षा आतून अस्तर भरून घ्यावं. आणि आपल्या कर्नाटक सरकारची 'दंतभाग्य' योजना आहे. बीपीएल कार्ड असलेल्या, दात नसलेल्या ज्येष्ठांना मोफत कवळी मिळावी म्हणून ती सुरू झाली. जिल्हा रुग्णालयात किंवा दंत महाविद्यालयात चौकशी करा. बेळगावात अशी दोन महाविद्यालयं आहेत, केएलईचं आणि मराठा मंडळाचं. फॉर्म कन्नडमध्ये असला म्हणून मागे फिरू नका, घरात शाळेत जाणारं कुणीतरी वाचणारं असतंच.

एखाद-दुसरा दात गेला असेल तर ब्रिज. दोन्ही बाजूंचे दात घासून बारीक करायचे, त्यांच्यावर कॅप, आणि मध्ये लटकता दात. काम दोन-तीन आठवड्यांत होतं, ऑपरेशन नाही. पण माझं स्पष्ट मत सांगतो. शेजारचे दात आधीच मोठे भरलेले किंवा रूट कॅनॉल केलेले असतील तर ब्रिज उत्तम, त्यांना कॅप लागणारच होती. शेजारचे दोन्ही दात निकोप असतील, तर एकासाठी दोन चांगले दात घासायला माझा हात धजत नाही. घासलेलं इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक आवरण, परत येत नाही. शिवाय लटकत्या दाताखालची जागा रोज साफ करावी लागते. त्यासाठी खास दोरा मिळतो, तो किती जण वापरतात ते विचारू नका.

आठवडी बाजारात 'फिक्स दात' बसवून देणाऱ्यांबद्दल बोलायलाच हवं, कारण खानापूर, चिक्कोडीकडचे पेशंट हे काम तोंडात घेऊन येतात. एक अ‍ॅक्रिलिकचा दात, पितळी रंगाची तार शेजारच्या दोन दातांना पिळून बांधलेली, आणि वरून गुलाबी लुकण थेट हिरडीवर थापलेलं. ते काढता येत नाही, त्यामुळे धुताही येत नाही. काही महिन्यांनी आम्ही तार कापतो तेव्हा खाली अन्न कुजलेलं असतं, हिरडी लाल होऊन सहज रक्त येतं, आणि बांधलेले दोन्ही दात बोटाने हलवले तर हलतात. एका दाताच्या बदल्यात तीन गेले. लोक तिथे का जातात हे मला कळतं. पैसे कमी, वेळ अर्धा तास, आणि 'काढघाल नको' ही हौस. पण हा सौदा फार महाग पडतो.

आता इम्प्लांट. स्वीडनच्या ब्रोनेमार्क नावाच्या डॉक्टरांनी १९५२ च्या सुमारास सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची छोटी नळी बसवून रक्तप्रवाहाचा अभ्यास केला. प्रयोग संपल्यावर नळी काढायला गेले तर निघेना! हाड तिला घट्ट धरून बसलं होतं. तिथून धागा पकडून त्यांनी १९६५ मध्ये योस्टा लार्सन या माणसाच्या खालच्या जबड्यात पहिले इम्प्लांट बसवले, आणि ते चाळीस वर्षांवर टिकले.

करतात ते असं. आधी स्कॅन काढून हाडाची उंची-रुंदी आणि खालच्या जबड्यातली नस कुठून जाते ते बघायचं. दात काढताना देतो तशीच सुई देऊन भूल. मग बारीक ड्रिलपासून एकेक पायरी चढत साधारण चार मिलिमीटर रुंद, दहाएक मिलिमीटर खोल जागा करायची, तीही थंड सलाइनचं पाणी सतत सोडत. हाड ४७ अंशांवर मिनिटभर तापलं तरी पेशी मरू लागतात, म्हणून ही काळजी. स्क्रू हळूहळू पिळत बसवतात. दाढ काढण्यापेक्षा त्रास कमी झाला असं बरेच पेशंट सांगतात. त्यानंतर खरं काम तुमच्या हाडाचं, ते स्क्रूला धरतं. खालच्या जबड्यात तीनएक महिने, वरच्यात हाड भुसभुशीत म्हणून चार ते सहा. मग त्यावर कॅप. 'एका दिवसात दात' अशी पाटी वाचता ना? काही मोजक्या पेशंटमध्ये तात्पुरती कॅप लगेच देता येते. सगळ्यांना नाही.

वय आड येत नाही, उलट अठराच्या आत जबडा वाढत असतो म्हणून थांबावं लागतं. आड येतं ते दुसरंच. आपला भाग निपाणीच्या तंबाखूचा. विडी आणि तंबाखूमुळे हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो, जखम भरत नाही आणि इम्प्लांट फेल व्हायचं प्रमाण चांगलंच वाढतं. मिश्री लावणाऱ्या आज्या, मावश्या म्हणतात, "मी तंबाखू खात नाही." मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच की हो! मधुमेह असेल तर तीन महिन्यांची सरासरी साखर आधी आटोक्यात आणा. हाडं ठिसूळ होतात म्हणून इंजेक्शन किंवा आठवड्याची गोळी चालू असेल, किंवा जबड्याला कधी रेडिएशन झालं असेल, तर ते न विचारता सांगा. रक्त पातळ करायची गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका, हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही.

किंमत. बहुतेक ठिकाणी एका इम्प्लांटच्या पैशात दोन्ही जबड्यांची साधी कवळी होते. म्हणून दात पूर्ण गेलेल्यांना मी मधला मार्ग सुचवतो: खालच्या जबड्यात पुढच्या बाजूला फक्त दोन इम्प्लांट, आणि त्यावर बटणासारखी टक् करून बसणारी, रात्री काढता येणारी कवळी. कॅनडात मॅकगिल विद्यापीठात २००२ मध्ये तज्ज्ञ जमले होते, त्यांनी खालच्या जबड्यासाठी हीच पहिली निवड असावी असं मत दिलं. खालची कवळी नाचायची थांबते, आणि तीही पूर्ण तोंडभर इम्प्लांटच्या मानाने थोड्या खर्चात. वरच्या कवळीला सहसा एवढीही गरज पडत नाही.

'लाइफटाइम गॅरंटी' हा शब्द ऐकलात तर सावध व्हा. इम्प्लांट किडत नाही हे खरं, पण त्याच्याभोवतीची हिरडी सुजते, आतलं हाड झिजतं, आणि दुखत नसल्याने कळतच नाही. सहा महिन्यांनी तपासणी चुकवू नका.

शेवटी कागदाचं. प्रत्येक इम्प्लांटच्या डबीवर स्टिकर असतं, कंपनी, माप आणि बॅच नंबर लिहिलेलं. ते मागून घ्या, फाइलमध्ये चिकटवा, मोबाइलवर फोटोही काढून ठेवा. दहा वर्षांनी तुम्ही पुण्याला मुलाकडे असाल, कॅपखालचा छोटा स्क्रू सैल होईल, आणि तिथला डॉक्टर पहिला प्रश्न विचारेल, "कुठल्या कंपनीचा?" प्रत्येक कंपनीची चावी वेगळी असते. हां, मागच्या रांगेतल्या काकांनी हात वर केलाय, बोला.